शब्दचर्चा: 'परग्रहवासी' की आणखी काही? आणि अंतराळात 'धोका' की 'जोखीम'?

मूळ प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी पृथ्वीबाहेर जीव असण्याची शक्यता आणि अंतराळ मोहिमांमधली रिस्क यावर लेख लिहितेय, आणि तीन शब्दांवर गाडी अडलीय. पहिला म्हणजे 'एलियन'. सगळीकडे 'परग्रहवासी' वाचायला मिळतं पण मी लिहितेय ते शनीच्या एन्सेलाडस या चंद्राबद्दल, तिथे बर्फाच्या भेगांमधून पाण्याचे फवारे उडतात हे कॅसिनी यानानं २००५ मध्ये दाखवलं, पुढे त्या फवाऱ्यांत हायड्रोजन सापडला, फॉस्फेट सापडलं. तिथे जीव असलाच तर तो जिवाणूसारखा काहीतरी असणार, त्याला 'वासी' कसं म्हणू? दुसरा शब्द 'कंटॅमिनेशन', याला प्रदूषण लिहिलं की कारखान्याचा धूर डोळ्यापुढे येतो. आणि तिसरा 'रिस्क'. धोका की जोखीम? मी आत्तापर्यंत दोन्ही कुठेही वापरलेत आणि वाचताना काहीतरी खटकतंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, 'वासी'बद्दलची शंका रास्त आहे. नगरवासी, वनवासी, आश्रमवासी, 'वासी' आला की घर करून राहणारा माणूसच येतो, त्यामुळे परग्रहवासी म्हटलं की वाचक लगेच उडती तबकडी शोधायला लागतो. आणि दुसरी अडचण त्याहून सरळ आहे, एन्सेलाडस काय किंवा गुरूचा युरोपा काय, हे ग्रहच नाहीत, उपग्रह आहेत. म्हणजे सूर्यमालेत आज जिथे जीव सापडण्याची सगळ्यात जास्त आशा धरली जाते त्यातल्या दोन जागा या शब्दाच्या बाहेरच राहतात.

'परजीव' असाही शब्द कुणीतरी सुचवेल, तो मात्र अजिबात घेऊ नका. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, गोचीड, उवा, पोटातले जंत. एका वेलांटीनं अर्थाचा अनर्थ होईल. 'जीवसृष्टी' छान आहे पण सृष्टी म्हटलं की झाडं पानं प्राणी सगळा पसारा येतो. मी तरी वाक्यात साधं 'पृथ्वीबाहेरचे जीव' लिहीन.

प्रतिसाद

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो. आम्ही तोंडानं कंटॅमिनेशनच म्हणतो, 'प्लेट कंटॅमिनेट झाली', बास. मराठीत लिहायचंच तर आधी कोण कुठे गेलं ते बघावं लागेल. १९६७ च्या अंतराळ करारातलं नववं कलम दोन्ही बाजूंबद्दल आहे, आपण तिकडे घाण करायची नाही आणि तिकडून आणलेल्या वस्तूनं पृथ्वीचं नुकसान होऊ द्यायचं नाही. आपले जंतू तिकडे गेले तर त्या जागेचं 'दूषण', आणि तिकडचं काही इथे येऊन माणसाला जनावराला बाधलं तर 'संसर्ग'. दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचकाचा गोंधळ होणार.

एक तिसरा प्रकार लोक विसरतात, नमुन्याचं दूषण. सर्व्हेयर ३ हे यान १९६७ मध्ये चंद्रावर उतरलं, त्याचा कॅमेरा अपोलो १२ च्या लोकांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये परत आणला आणि त्यात आपल्या घशात असतो तसला स्ट्रेप्टोकॉकस सापडला. मग कितीतरी वर्षं हा जिवाणू चंद्रावर अडीच वर्षं तग धरून राहिला असं सांगितलं जायचं. नंतर तपासणीच्या वेळचं जुनं चित्रीकरण नीट बघितलं तर काय, तपासणाऱ्यांच्या कपड्यांना अर्ध्या बाह्या, हात उघडे, हत्यार निर्जंतुक नसलेल्या टेबलावर ठेवून पुन्हा उचललेलं. म्हणजे तो जंतू बहुतेक ह्युस्टनच्या तपासणीच्या लॅबमधलाच. ज्यानं लॅबमध्ये चार दिवस काढलेत त्याला हे वाचून पोटात गोळा येतो, कारण असली चूक कुणाच्याही हातून होते आणि त्यावर 'चंद्रावर जीव टिकला' असं अख्खं विधान उभं राहतं.

प्रतिसाद

प्लॅनेटरी प्रोटेक्शनला, म्हणजे इकडचे जंतू तिकडे आणि तिकडचे इकडे जाऊ न देण्याला, आपल्याकडे तयार शब्द आहे की, सोवळं! नासाच्या व्हायकिंग मोहिमेतली मंगळावर उतरणारी याने १९७५ मध्ये तिकडे पाठवायच्या आधी ११० अंशांच्या वर कित्येक तास भाजून काढली होती, मग झाकून ठेवली, कुणी शिवायचं नाही. हे सोवळंच झालं ना. आणि कंटॅमिनेशन म्हणजे विटाळ.

प्रतिसाद

नको. मनापासून सांगतो, नको. हे शब्द माणसांवर वापरले गेलेत, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, बाईच्या चार दिवसांवर. विटाळ हा शब्द ज्यांनी ऐकून घेतलाय त्यांची पोरंबाळं तो दिवाळी अंक वाचणार आहेत. शिवाय अर्थही जुळत नाही. सोवळ्यात मी शुद्ध आणि समोरचा अशुद्ध असतो. इथे उलटं आहे, घाण आपल्या अंगावर आहे आणि जपायचं आहे ते समोरच्याला. 'ग्रहसंरक्षण' रूक्ष वाटला तरी तोच बरा.

प्रतिसाद

वरच्याला पूर्ण अनुमोदन. आता तिसरा शब्द, यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

धोका असतो तो आपल्याला असतो, समोरून येतो. धोक्याचं वळण, धोक्याची घंटा, पुराचा धोका. आपण काही केलं नाही तरी तो असतो. जोखीम आपण होऊन घेतो, पत्करतो, अंगावर घेतो, आणि घेण्याआधी तिचा अंदाज बांधतो. म्हणून म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखीम असते, धोका नसतो. पण जोखीमचा जुना अर्थ याहून मोठा आहे. जवळ रोकड किंवा दागिने असले की आमच्याकडची म्हातारी माणसं 'अंगावर जोखीम आहे, रात्रीचं निघू नका' असं म्हणायची, तिथे जोखीम म्हणजे तो मौल्यवान ऐवजच. आणि काचेची बरणी हातात देताना 'जोखमीनं ने' म्हणजे सांभाळून ने. म्हणजे नुकसानीची शक्यता, सांभाळायची वस्तू आणि सांभाळण्याची जबाबदारी, तिन्ही एका शब्दात.

अंतराळाच्या बाबतीत हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण सगळी चर्चा धोक्याची करतो, ते येतील, हल्ला करतील वगैरे. १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम१३ या तारकागुच्छाकडे संदेश पाठवला, तो गुच्छ साधारण २५ हजार प्रकाशवर्षं लांब, संदेश पोचायलाच तेवढी वर्षं. असा आपला पत्ता सांगत सुटू नये असं स्टीफन हॉकिंग म्हणायचे, त्या चर्चेला 'धोका' शब्द ठीक आहे. पण आज प्रत्यक्ष जे घडतंय ते जोखमीचं आहे. गॅलिलिओ यान २१ सप्टेंबर २००३ ला गुरूच्या वातावरणात मुद्दाम घालून नष्ट केलं, कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ ला शनीमध्ये. इंधन संपत आलेलं, यान भरकटून युरोपावर किंवा एन्सेलाडसवर आदळलं असतं आणि पृथ्वीवरचे जंतू तिथल्या पाण्यात गेले असते तर? तिथे कुणी आहे की नाही हे माहीत नसताना त्याच्यासाठी आपलं यान जाळलं. याला मी जोखमीनं वागणं म्हणेन, जुन्या अर्थानं. उलट एप्रिल २०१९ मध्ये इस्रायलचं बेरेशीट चंद्रावर आदळलं त्यात टार्डिग्रेड, म्हणजे जलअस्वलं नावाचे अगदी सूक्ष्म प्राणी, भरलेले होते, आणि बाहेरच्या जगाला ते नंतर कळलं. चंद्रावर ते वाढणार नाहीत हे खरं, पण कुणाला न विचारता असं नेणं मला चूक वाटतं.

प्रतिसाद

'संसर्ग'साठी अपोलो ११ चं उदाहरण घ्या. जुलै १९६९ मध्ये परत आल्यावर तिघांना विलगीकरणात ठेवलं होतं, हा शब्द कोविडमुळे आता घरोघरी माहीत आहे. पण त्याआधी समुद्रात यानाचं दार उघडलं होतं, आतली हवा बाहेर आली होती. चंद्रावर काही असतं तर ते तिथेच सुटलं असतं. अपोलो १४ नंतर विलगीकरणाची ही पद्धत बंद केली.

प्रतिसाद

'शक्यता'वर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मंगळावर नासाच्या पर्सिव्हिअरन्स या फिरत्या यानाला एका खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले, त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये शोधनिबंध आला, त्यात पोटेन्शियल बायोसिग्नेचर, म्हणजे कदाचित जिवाची असेल अशी खूण, म्हटलंय. आपल्याकडे लगेच 'संभाव्य' लावतात. पण पेपरात 'संभाव्य उमेदवार' वाचलं की आपण काय समजतो? तिकीट जवळजवळ पक्कं. इथे तसं नाहीये, जिवाशिवायही तसे ठिपके होऊ शकतात. म्हणून 'जीवखूण असू शकेल अशी खूण' असं लांबलचक लिहिलं तरी चालेल. नारळीकरांनी हा संयम दाखवला होता. हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेतले, तपासणी हैदराबादला आणि पुण्याला झाली, त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला इस्रोचं नाव, एकीला आर्यभट्टाचं आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचं. नारळीकर स्वतः जीव अंतराळातून येतात या मताचे, तरीही इस्रोच्या २००९ च्या निवेदनात हे जीव बाहेरूनच आले असं सिद्ध होत नाही हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे आर्यभट्टाच्या नावाचा तो जिवाणू जमिनीतही सापडला.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, विटाळावरचा प्रतिसाद तर घरी सगळ्यांना वाचून दाखवला. आता वाक्य असं केलंय: 'पृथ्वीबाहेरचे जीव असतील किंवा नसतील, पण त्यांच्या जागेचं आपल्याकडून दूषण होऊ नये म्हणून मंगळावर उतरणारं यान निर्जंतुक करून पाठवतात, इतकं हे काम जोखमीचं आहे.' चालेल?

प्रतिसाद

लॅबवाला परत. वाक्य छान, फक्त 'निर्जंतुक' काढा. निर्जंतुक म्हणजे एकही जंतू नाही, तसं यान कुणालाच करता आलेलं नाही. मंगळावर नुसतं उतरणाऱ्या, जीव न शोधणाऱ्या यानाच्या पृष्ठभागावर ३ लाखांपर्यंत बीजाणू (जिवाणूंचं कडक कवचातलं सुप्त रूप) चालतात असा नियम आहे. 'जंतूंची संख्या ठरलेल्या मर्यादेत आणून पाठवतात' असं करा.