टॉकीजची केबिन: जाणकारांनी लिहावं

पुण्यात १९१५ साली आर्यन उभं राहिलं, १९३४ साली प्रभात. अशा टॉकीजचा इतिहास सांगताना कोणता चित्रपट किती आठवडे चालला हे आवर्जून येतं, केबिनमधलं, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीतलं, काम क्वचितच येतं. तिथे काम केलेल्यांनो, हाताने केलेलं काम नेमकं लिहा; सुरुवातीला हे काही धागे.

कार्बनच्या मशीनवरचे ऑपरेटर
दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये पेटणारी ज्योत, म्हणजे आर्क, हाच या मशीनचा दिवा. आर्कला डीसी (एकाच दिशेचा वीजप्रवाह) लागतो, म्हणून एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर. पॉझिटिव्ह कांडी निगेटिव्हपेक्षा जाड, कारण ती लवकर जळते. दोन टोकांतलं अंतर वाढलं की ज्योत फडफडून विझते. पॉझिटिव्हच्या टोकाला पडलेला खळगा आरशासमोरच्या नेमक्या जागेवरून सरकला, की पडदा पिवळट किंवा निळसर दिसतो. आर्क पाहायचा तो काळ्या काचेतूनच. आणि उरलेली कांडी रीळभर पुरेल का, हे रीळ सुरू करण्याआधी तपासायचं, मध्येच नाही.

चेंजओव्हरबद्दल
चेंजओव्हर म्हणजे एका मशीनवरचं रीळ संपताना दुसऱ्या मशीनवर जाणं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटं चालतं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्यावर चित्र आणि आवाज दोन्ही बदलायचे. हातात जेमतेम एक सेकंद असतो. प्रिंट गावोगाव फिरली की रिळाची टोकं फाटतात, छाटली जातात, ठिपके जातात. मग ऑपरेटर स्वतःची खूण कोरतात. जुन्या प्रिंटच्या कोपऱ्यात चारचार फुल्या दिसतात त्या यामुळे.

आवाजाचं काम
फिल्मवरची आवाजाची पट्टी तिच्या चित्राच्या २० फ्रेम पुढे छापलेली असते. म्हणून गेट (फिल्मवर उजेड पडतो ती खिडकी) आणि त्याखालचा आवाज वाचणारा भाग यांच्यामधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, मापातच हवा. तो लहान-मोठा झाला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत, फारच आखडला तर भोकं फाटतात. ताज्या प्रिंटचा मसाला (फिल्मवरचा चित्राचा थर) गेटला चिकटतो आणि चित्र थरथरतं. तो पितळी पट्टीनेच काढावा. पोलादाने गेटवर ओरखडा उठला, तर पुढच्या प्रत्येक रिळावर रेघ.

रिळं जोडणारे
अ‍ॅसिटेट फिल्मला सिमेंट (फिल्म चिकटवायचं द्रावण) चालतं, पण आधी जोडावरचा मसाला पूर्ण खरवडायचा. घाई केली की जोड गेटमध्येच सुटतो. पॉलिएस्टरला सिमेंट धरत नाही, टेपच लावावी लागते. ती फिल्म तुटतही नाही, म्हणून अडकली तर ताण मशीनवर येतो.

इमारत पाहायला जाणाऱ्यांसाठी
केबिनच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा असतील तर त्यांचे फोटो जरूर घ्या. जुनी, चटकन पेटणारी नायट्रेट फिल्म भडकली, तर ज्वाळा प्रेक्षागृहात शिरू नयेत म्हणून त्या होत्या. डीसीआरची बाडं मिळाली तर रद्दीत घालू नका: रोजच्या खेळांचा, तिकिटांचा हिशेब त्यांतच असतो. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट कुजू लागलंय. असं रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, थंड कोरड्या जागी ठेवा, प्रोजेक्टरवर चढवू नका आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करा.