‘वेटिंग’ला काय म्हणायचं: थांबला, अडला की खोळंबला?

बर्डीकर: कोडिंग एजंटांवर (स्वतःहून कोड लिहिणाऱ्या एआय प्रोग्रामांवर) लक्ष ठेवायच्या मॅक ॲपचं मराठीकरण चालू आहे. डाव्या पट्टीत प्रत्येक एजंटापुढे त्याची अवस्था दिसते. ‘रनिंग’ला ‘चालू’, ‘डन’ला ‘झालं’. कमांड चालवायला परवानगी हवी म्हणून एजंट माणसाची वाट बघतो, तिथे मसुद्यात ‘थांबला’ आहे. वाचणाऱ्याला वाटतं काम संपलं, आणि एजंट तासभर तसाच पडून राहतो. शब्द सुचवा. आणि ‘सुपरवाइज’ला पर्यवेक्षण की देखरेख?

महालकर: ‘खोळंबला’. दुसऱ्यापायी वाट बघत राहणं, हाच त्याचा अर्थ. ‘अडला’ निराळा. पोर्ट ३००० (सर्व्हरशी जोडायचा क्रमांक) दुसऱ्या एजंटाच्या सर्व्हरने आधीच धरलेला असतो, किंवा नव्या वर्कट्रीत, म्हणजे त्याच कोडच्या वेगळ्या कामाच्या फोल्डरात, ‘.एन्व्ह’ ही सेटिंगची फाइल नसते (इग्नोर केलेल्या फायली गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तिकडे नेत नाही), तेव्हा एजंट अडतो. अडल्याला दुरुस्ती लागते, खोळंबल्याला नुसता होकार किंवा नकार. दोन्हींना एकच शब्द ठेवलात तर जिथे होकार द्यायचा तिथे माणूस लॉग चाळत बसेल.

धंतोली: आपल्या नागपूरकडे ‘थांबून राहिला’ म्हटलं की आत्ता थांबलेला आहे हे लगेच कळतं. ‘चालून राहिला’, ‘थांबून राहिला’ अशी जोडीच लावा.

शुद्धलेखन: ही हिंदीच्या ‘रहा है’ची छाया. पुण्याचा वाचक ‘थांबून राहिला’ म्हणजे ताटकळला असं वाचेल. ॲप साऱ्या महाराष्ट्रासाठी आहे.

धंतोली: नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा इथे शेजारीशेजारी नांदल्या. छाया म्हणून शब्द टाकायचा तर ‘निगा’ही टाका, ती फारसी ‘निगाह’मधून आली. पुण्यातही निगा राखतातच ना?

रामदासपेठ: निगा झाडाची, लेकराची. एजंटाला ‘जागली’ म्हणा, पीक हाती येईपर्यंत रात्रभर राखण.

महालकर: जागली बाहेरून येणाऱ्या रानडुकरांसाठी. इथे काम करणाऱ्याच्याच हातावर नजर ठेवायची आहे. एजंट ‘टेस्ट पास’ म्हणाला की डिफमध्ये (त्याने केलेल्या बदलांच्या यादीत) आधी टेस्टच्या फायली उघडायच्या. कोड दुरुस्त करायचा सोडून त्याने अटच सैल केलेली असू शकते. ‘गिट रीसेट हार्ड’ला परवानगी मागितली तर आधी ‘गिट स्टेटस’ बघायचं, कारण कमिट न केलेले (गिटमध्ये नोंदून न ठेवलेले) बदल त्या कमांडने पुसले जातात. असं काम मोजून घेणारा मुकादम असतो. म्हणून ‘मुकादमी’.

शुद्धलेखन: मुकादम अरबी! ‘पर्यवेक्षण’ घडीव आहे, सर्वांना कळतं.

धंतोली: कळतं ते परीक्षेच्या हॉलमुळे. पर्यवेक्षक नक्कल पकडतो, उत्तरं तपासत नाही. इथे तर उत्तरच तपासायचं आहे.

शुद्धलेखन: मग ‘देखरेख’ ठेवा. मुकादमी नको, त्यात हुकमत येते.

महालकर: हुकमत हवीच. नकार देता येत नसेल तर बटण कशाला?

रामदासपेठ: लिंगाचं कोणी बघितलं का? ‘झालं’ नपुंसकलिंगी, ‘खोळंबला’ पुल्लिंगी. बर्डीकर, पट्टीत एजंटाचं नाव येतं की कामाचं? काम असेल तर ‘खोळंबलं’ लागेल. आणि मेनूबारमध्ये आकडा दाखवणार असाल तर ‘२ खोळंबले’ की ‘२ खोळंबली’?