मदत हवी आहे: लेकीच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट 'अनिश्चित' आलाय, आणि बायकोला सातवा आठवडा चालू आहे

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावजवळचे. लेक साडेपाच वर्षांची. चालायला लागली तेव्हापासूनच तिचा झोक जायचा. मिरजेतल्या एका दवाखान्यात 'सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालीत येणारा दोष) आहे, व्यायाम करा' म्हणाले. अडीच वर्षं इमानेइतबारे व्यायाम केले. पण सीपी वाढत जात नाही म्हणतात, आणि आमची पोर मागे मागे चाललेली. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास तिचे डोळे लाल दिसायला लागले. बागेतल्या फवारणीचा त्रास असेल म्हणून थेंब घालत बसलो. दुसऱ्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, तर बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या. त्यांनी एक्झोम टेस्ट (बहुतेक सगळी जनुकं एकदम वाचणारी तपासणी) लिहून दिली.

रिपोर्टमध्ये एटीएम जनुकात एक बदल आहे, दोन्ही प्रतींत तोच. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया होतो, म्हणजे तोल जात जाणारा आणि डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुगवणारा आनुवंशिक आजार. पण लॅबनं पुढं 'व्हीयूएस' लिहिलंय, म्हणजे बदल रोगाचा की निरुपद्रवी हे ठरवायला पुरावा अपुरा. मग रक्तातलं एएफपी (एक प्रथिन) तपासलं, ते बरंच वाढलेलं निघालं. या आजारात ते बहुतेक वेळा वाढतं. डॉक्टरांना आता शंका नाही, कागदाला आहे.

(पडल्यावर दोनदा डोक्याचं सीटी काढलं होतं. या मुलांना एक्स-रे, सीटी शक्यतो टाळायचं असतं, हे आता कळतंय.)

बायको माझ्या मामाची मुलगी. आईनंच हौसेनं भाची सून करून आणली, आणि आता तिलाच बोल लावते. बिघडलेली प्रत दोघांकडून एकेक आलेली असते, हे सांगून मी थकलो.

खरी घाई पुढच्या बाळाची आहे. बदल रोगाचाच असेल तर दर गरोदरपणात 25 टक्के धोका. वारेचा तुकडा घेऊन करतात ती सीव्हीएस तपासणी अकराव्या आठवड्याच्या आसपास होते. पण व्हीयूएसवर आम्ही गर्भाचा रिपोर्ट देत नाही, असं लॅबवाले म्हणतात. एएफपी आणि डोळ्यांची लक्षणं कळवल्यावर कुणाच्या लॅबनं रिपोर्ट बदलून दिलाय का? किती दिवस लागले? की आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांचं पत्र लागतं?

2021 च्या दुर्मीळ आजार धोरणातल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. महालक्ष्मीनं रात्री निघून सकाळी पोचता येईल, पण पोरीला घेऊन रिकामा हेलपाटा नको. तिथं जनुकीय आजारांची ओपीडी कोणत्या वारी असते, सोबत काय न्यायचं, कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. नाव झाकून रिपोर्टचं पान टाकू शकतो. तेल, ताईत, उतारा कृपया सुचवू नका, ते सगळं घरात चालूच आहे.

ताजा कलम: आम्हा दोघांचे सँगर रिपोर्ट (तोच एक बदल आई-बापात आहे का हे बघणारी तपासणी) आज आले. दोघांतही तोच बदल, एकेका प्रतीत. सोमवारी आठवा आठवडा लागेल.