मदत हवी आहे: थंडीच्या गावात घेवडा वाळवायचा कसा?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, पण प्रश्न लेकीचा आहे, ती कॅनडात कॅलगरीला असते. यंदा तिनं घरामागं पहिल्यांदाच घेवडा लावला, बी तिथलंच पण दाणा अगदी आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्यासारखा रेघारेघांचा. जमीन गार असते म्हणून लावायलाच मे संपत आला आणि आता सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू आहे तर परवा रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडणार म्हणायलीय. वेल शेंगांनी लगडलेत आणि निम्म्यासुद्धा वाळल्या नाहीत.

काल व्हिडिओ कॉलवर तिनं एक शेंग फोनजवळ धरून हलवली. वाळलेली शेंग कशी खुळखुळ्यासारखी वाजते, ही वाजलीच नाही. पिवळी पडलीय, साल चिवट झालीय, आत दाणा टपोरा आहे पण नख लावलं की खूण उठते. बाकीच्या अजून हिरव्यागार, दाणा धरायलाच लागलाय.

मला येतंय ते सगळं उन्हाच्या जिवावर. आमच्याकडं वरणा असू दे नाहीतर पावटा, शेंगा स्लॅबवर ताडपत्रीवर टाकायच्या, कडक ऊन द्यायचं, काठीनं बडवायचं, सुपात पाखडायचं आणि कडुनिंबाचा पाला घालून डबा भरायचा. तिकडं ऊन नाही, पाला नाही, मग मी तिला सांगू काय? ओव्हनमध्ये वाळवलं तर चालंल का? पुढच्या वर्षाला बीपण राखायचंय तिला. पोरीनं तीन महिने पाणी घातलंय हो, ते वाया जाऊ नये एवढंच वाटतंय.

प्रतिसाद १
काकू, आम्ही एडमंटनला असतो, दरवर्षी हेच होतं. फ्रॉस्टची वाट बघू नका, उद्याच वेल जमिनीलगत कापायला सांगा, शेंगा तोडत बसायचं नाही. अख्खे वेल गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात उलटे टांगायचे, मध्ये हवा खेळली पाहिजे, पंखा लावला तर उत्तमच. पिवळ्या पडलेल्या शेंगांतला दाणा तसाच वाळत जातो. ऊन नसलं तरी घरात हीटर सुरू झाला की हवा इतकी कोरडी होते की दोन-तीन आठवड्यांत काम होतं. हिरव्या शेंगांचा दाणा मात्र आता भरणार नाही, त्यांची भाजी करा नाहीतर उकळत्या पाण्यातून काढून फ्रीजरला टाका. ओव्हन नकोच, बियाण्याची उगवणशक्ती जाते.

प्रतिसाद २
वाळला की नाही ते बघायला एक दाणा हातोडीनं ठोका. फुटून तुकडे झाले तर वाळला, चेपला तर ओला. मग काचेच्या बरणीत भरा आणि दोन दिवस आतून दव धरतंय का बघा, धरलं तर परत पसरायचा. किड्यासाठी पाल्याच्या जागी फ्रीजर, उणे १८ डिग्रीला चार दिवस, पण पूर्ण वाळल्यावरच, ओला दाणा गोठला तर बी मरतं. बाहेर काढल्यावर बरणी घरातल्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं.
आणि हे नक्की सांगा, हा राजम्याचाच भाऊ आहे, कच्चा राहिला तर उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवून ते पाणी टाकायचं, नवीन पाण्यात अर्धा तास खळाखळा उकळायचा. स्लो कुकरमध्ये कच्चा टाकायचा नाही, तो तेवढा तापत नाही.

धागाकर्ती
लई उपकार झाले दोघांचे. फोन करून सगळं वाचून दाखवलं, तिनं रात्रीच जावयाला हाताशी घेऊन वेल कापले. गॅरेजमध्ये दोरी बांधून टांगलेत, खाली जुनी चादर अंथरलीय, शेंग फुटली तर दाणा हरवायला नको. हिरव्या शेंगांची भाजी झाली, मी पाठवलेली कांदा-लसूण चटणी घालून. स्लो कुकरचं मात्र बरं झालं सांगितलंत, ती त्यातच लावणार होती. आता एवढंच सांगा, बियाण्याला शेंगा निवडायच्या त्या वेलाच्या बुडाकडच्या का शेंड्याकडच्या? आम्ही वरण्याच्या बुडाकडच्या ठेवतो, पहिल्या धरलेल्या म्हणून.