मदत हवी आहे : मॉरिशसच्या जुन्या खरेदीखतातले फूट इंग्रजी की फ्रेंच?

आमच्या पणजोबांच्या मॉरिशसमधल्या जमिनीचं ब्रिटिश काळातलं, फ्रेंच भाषेतलं खरेदीखत वाचतोय. क्षेत्र आर्पां आणि पर्श या जुन्या फ्रेंच मापांत आहे. आधी पॅरिसचा आर्पां (३,४१९ चौ. मी.) धरला आणि फसलो. मॉरिशसचा आर्पां ४,२२१ चौ. मी., म्हणजे १.०४३ एकर. एक पर्श २० फ्रेंच फूट लांबीची, आणि अशा १०० चौरस पर्शचा एक आर्पां. इथवर ठीक.

अडलंय ते फुटांपाशी. पहिला तुकडा ४०० × २५० फूट, क्षेत्र २ आर्पां २० पर्श. हे इंग्रजी फुटांनीच जुळतं. फ्रेंच फुटांनी अडीच आर्पां होतात. दुसरा ३०० × २०० फूट, क्षेत्र दीड आर्पां. हा मात्र फ्रेंच फुटांनी (३२.४८ सें.मी.) तंतोतंत बसतो! दोन्ही तुकडे आयताकृती आहेत आणि आकडे अक्षरीही लिहिलेत, त्यामुळे वाचनातली चूक नाही. मोजणीचा नकाशा मिळालेला नाही आणि जागेवर जाऊन मोजणं शक्य नाही.

एकाच खतात दोन्ही फूट वापरायची तिथे पद्धत होती का, की दुसरा तुकडा जुन्या फ्रेंच खतावरून तसाच उतरवला असेल? आणि मजकुरात कोणता शब्द पाहिला की फूट कुठला ते कळतं?