कोल्खोजमधल्या शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय पडायचं?

रानवाट: आमच्या गावच्या वाचनालयात रशियाहून मराठीत यायची ती जुनी गुळगुळीत कागदाची मासिकं अजून आहेत. गव्हाच्या राशी, ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या बायका वगैरे. ते फोटो बरेच नंतरचे, पण १९३० च्या आसपासची पोस्टर्स नेटवर बघितली तर त्यातही तेच हसू. मला विचारायचंय की जमीन आणि घोडे कोल्खोजात, म्हणजे सामुदायिक शेतीत, जमा झाल्यावर तिथल्या शेतकऱ्याचं रोजचं कसं चालायचं, पगार होता का, आणि ही पोस्टर्स लोकांना खरी वाटायची का? आपल्या सहकारासारखंच काही होतं का ते?

बांधावरून: सहकार नाही हो दादा, अजिबात नाही. आपल्याकडे कारखान्याचं सभासद झालं तरी सातबारा तुमच्याच नावावर राहतो आणि ऊस लावायचा की नाही हे तुम्ही ठरवता. तिकडे १९२९-३० च्या हिवाळ्यात शहरातले २५ हजारांवर कामगार गावोगाव पाठवले, सभा घ्यायची आणि कोल्खोजच्या विरोधात कोण आहे असं विचारायचं, आता हात कोण वर करणार? केलाच तर तुम्ही 'कुलक'. म्हणायला कुलक म्हणजे बडा शेतकरी, पण दोन गाई आणि सुगीला ठेवलेला एखादा गडी एवढंही पुरायचं. १९३०-३१ मध्ये साधारण १८ लाख माणसं बायकापोरांसकट उरल, सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली.

पगार नव्हता. कामाचे दिवस वहीत मांडायचे, म्हणजे नांगरणीला जास्त आणि राखणीला कमी असं, आणि हिशोब वर्षाअखेरीला. त्यातही आधी सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीने द्यायचं धान्य, मग ट्रॅक्टरने काम करून देणाऱ्या सरकारी स्टेशनला धान्यातच मोबदला, मग बियाणं, आणि या सगळ्यातून उरलं तर वाटप. पीक बुडालं तर सरकारचा वाटा आधीच गेलेला, उपाशी कोण तर राबणारा. मला यातली सगळ्यात संतापाची गोष्ट हीच वाटते.

मळणी: ट्रॅक्टरचं सांगतो. लेनिन १९१९ मध्येच म्हणाला होता की उद्या १ लाख उत्तम ट्रॅक्टर देता आले तर मध्यम शेतकरी आपल्या बाजूने येईल. झालं उलटं, ट्रॅक्टर यायच्या आधी घोडे गेले. कोल्खोजात जमा करायचंच आहे तर निदान आपण खाऊ म्हणून लोकांनी गुरं कापली, जी जमा झाली ती चाऱ्यावाचून मेली, आणि चार-पाच वर्षांत देशातले घोडे जवळपास निम्मे झाले. ज्याच्या घरी जनावर आहे त्याला यातलं नुकसान वेगळं सांगायला नको. आणि जे ट्रॅक्टर आले ते कोल्खोजचे नव्हतेच, सरकारी स्टेशनचे.

पण पोस्टरवरच्या बायका सगळ्या खोट्या होत्या असंही नका समजू. पाशा अंगेलिना खरी होती, तिने १९३३ मध्ये बायकांची ट्रॅक्टर तुकडी उभी केली, कष्टही खरे. फक्त ते युक्रेनमध्ये, आणि त्याच वर्षी युक्रेनची गावंच्या गावं भुकेने मरत होती.

शेवंता: दुष्काळ हा शब्दच पेपरात छापू दिला नाही. ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा बघा, कोल्खोजच्या शेतातली मूठभर कणसं तोडली तरी गोळी नाहीतर किमान १० वर्षं कैद. लेव्ही न भरणारी गावं काळ्या यादीत, म्हणजे दुकानातलं मीठ, काडेपेटी, रॉकेल सगळं बंद. जानेवारी १९३३ पासून युक्रेनच्या शेतकऱ्याला भाकरी शोधायला बाहेर जायलाही बंदी. सरकारी तोर्गसिन दुकानात मात्र पीठ मिळायचं, सोनं-चांदी दिली तर, मग बायकांनी लग्नाच्या अंगठ्या आणि गळ्यातले क्रॉस नेऊन दिले. युक्रेनमध्ये ३५ लाखांहून जास्त माणसं गेली, कझाकस्तानात १५ लाखांच्या आसपास.

रानवाट: वाचून सुन्न झालो. पण मग लोकांचा विश्वास बसायचा का, तेवढं सांगाल का कोणी?

बांधावरून: सरसकट नाही. २ मार्च १९३० ला 'प्रावदा' या पक्षाच्या पेपरात स्टालिनचा लेख आला की कार्यकर्त्यांनी अतिरेक केला, कोल्खोज स्वेच्छेने हवा. हा मात्र शेतकऱ्यांनी अक्षरशः खरा मानला, अंक हातोहात फिरला आणि लोक आपापले घोडे सोडवून घरी घेऊन गेले. निम्म्याहून जास्त घरं कोल्खोजात होती, उन्हाळ्यापर्यंत पाव हिस्सा उरली. नंतर पुन्हा दाबून भरलीच.

शेवंता: आणि १९३७ च्या जनगणनेत देव मानता का हा प्रश्न होता. इतकी वर्षं चर्चच्या घंटा उतरवून, घरातल्या देवाच्या तसबिरींच्या कोपऱ्यात नेत्यांची चित्रं लावून झाल्यावरही निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांनी हो सांगितलं, तेही नाव-पत्त्यासकट सरकारी माणसासमोर. लोकसंख्याही अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरली. आकडे दाबले आणि जनगणना करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली.