आमचे मुलांचे डॉक्टर गेले. घरच्यांसाठी काय करावं? (आणि नवा डॉक्टर कसा बघावा?)

तापीकाठची (भुसावळ):
आमचे बालरोगतज्ज्ञ गेल्या आठवड्यात अचानक गेले. माझ्या दोन्ही पोरांचे तेच आणि लहानपणी माझेही तेच. रावेर-निंभोऱ्याकडच्या बाया पॅसेंजरने उतरून थेट त्यांच्या दवाखान्यात यायच्या. दारावर जाऊन आले, पण गर्दीत मॅडमशी (त्यांच्या पत्नीशी) धड बोलता आलं नाही. सुतक फिटून गंधमुक्ती झाली की परत जायचंय. काय न्यावं? ग्रुपवर काहींचं म्हणणं, चौकात श्रद्धांजलीचा मोठा बॅनर लावू. मला पटत नाही. ज्या माणसाने बेबीफूडवाल्यांचं कॅलेंडरसुद्धा भिंतीवर टांगू दिलं नाही, त्याचा फोटो पुढाऱ्यांच्या फोटोंच्या रांगेत?

दुसरं म्हणजे धाकटीला आता पाचवं लागलंय, डीपीटीचा (घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर बाकी आहे, आणि फाइल दवाखान्यातच आहे. जुनी फाइल मिळते का? नवा डॉक्टर निवडताना काय बघता?

केळीचा_घड (सावदा):
बॅनर नकोच. मॅडमना पत्र लिहा, हाताने. फक्त 'देवमाणूस होते' लिहू नका, ते तर सगळेच म्हणतील. तुमच्या पोराचं नेमकं काय झालं होतं आणि त्यांनी काय केलं, ते लिहा. घरच्यांना दवाखान्यातलं कुठे ठाऊक असतं!

मी लिहिलं तर टोपणाचं लिहीन. आमच्या आजीला वाचता यायचं नाही. डॉक्टर औषधाच्या मापाच्या टोपणावर निळ्या पेनाने रेघ मारून द्यायचे, "माय, या रेघेपर्यंतच." पोराचं वजन दर खेपेला नव्याने, आणि माप त्यावरून. तापाचं औषध थेंबांचं वेगळं, बाटलीतलं वेगळं, हे आम्हाला तिथेच कळलं. थेंबांच्या एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तर पातळ औषधाच्या पाच एमएलमध्ये कुठे १२०, कुठे २५०. थेंबांची बाटली चमच्याने पाजली तर केवढा घोळ होईल बघा.

पांझराकाठ (धुळे):
आमच्याकडचे असेच एक होते. मे महिन्यात जुलाबाची पोरं यायची आणि सोबतचे म्हणायचे, "सलाईन लावा." ते आधी विचारायचे, "काय व्हयनं पोऱ्याले?" मग पोराला नीट तपासून, सलाईनची गरज नसेल तर आईच्या हातात वाटी-चमचा. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच, अर्धं पाकीट ग्लासात नाही, हे स्वतः बाटली भरून दाखवायचे. सोबत झिंक चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. कोणी कुरकुरलं की १९७१ सालचं सांगायचे : बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. एवढं ऐकल्यावर आजोबा गप्प बसून चमचा धरायचे.

अमळनेरी:
वर्गणी काढून सिव्हिलला पाळण्याचा वजनकाटा द्या. पत्राबित्राने काय होतं?

केळीचा_घड (सावदा):
भाऊ, काटा द्या की. पण तो सिव्हिलसाठी, मॅडमसाठी नाही.

रिटायर्ड_सिस्टर (जळगाव):
सगळे डॉक्टरांबद्दलच बोलताय. कंपाउंडरचं काय? अशा दवाखान्यात एक माणूस केस काढतो, नंबर लावतो, रडणारं पोर धरतो, आणि डॉक्टर गेले की त्याची नोकरीही गेली. त्याच्या घरी कोणी दारावर जात नाही. वर्गणी काढायचीच तर आधी त्याच्याकडे बघा. दुसऱ्या दवाखान्यात शब्द टाकता आला तर अजून बरं.

फाइलचं त्यालाच विचारा, कुठल्या कपाटात काय ते त्यालाच माहीत. दवाखाना बंद व्हायच्या आत घ्या आणि फोटो काढून ठेवा. फाइल नाही मिळाली तरी घाबरू नका. लसीकरणाचं कार्ड घरी असेलच. डीपीटीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांत असतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. थोडा उशीर झाला म्हणून आधीचे डोस पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत.

नवा डॉक्टर बघताना चिठ्ठीवर मुलांच्या आजारांतलं शिक्षण (एमडी, डीएनबी किंवा डीसीएच) आणि नोंदणी क्रमांक बघा. पोराचं वजन चिठ्ठीवर लिहितो का, हेही. रात्री-अपरात्री कुठे जायचं ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या. साध्या सर्दीला अँटिबायोटिक देत नाही म्हणून डॉक्टर बदलू नका, उलट तोच धरून ठेवा. नावं इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) करते.

तापीकाठची (भुसावळ):
ताई, कंपाउंडरकाकांचं खरंच कोणी बोललं नव्हतं. आत्ता फोन केला. ते रोज सकाळी दवाखाना उघडून फाइली वाटताहेत, पगाराचं विचारलं तर विषय बदलला. उद्या जाते, त्यांच्यासाठी एका मेडिकलवाल्यांशीही बोलते. बॅनरचे पैसे जमलेत, ते काकांना द्यावेत असं ग्रुपवर टाकलंय. दोघं-तिघं रुसलेत, रुसू दे. मॅडमकडे पत्र घेऊन कधी जाऊ? फोन करून की तसंच?

रिटायर्ड_सिस्टर (जळगाव):
फोन करून जा. चार-पाचच्या सुमाराला, जेवणाच्या वेळेला नको. आणि सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी जाऊ नका.